न वाकता नेसलेलं लुगडं

न्हाणीत काहीतरी खणकन पडलं आणि मग नुसती शांतता.

मी दाराबाहेर उभी होते. तांब्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही. माझ्या मागे अंगणात माझ्या लेकीने, जुईनेसुद्धा खेळणं थांबवलं.

"आत्या?"

काही नाही.

"आत्या, पडलात का?"

"मी न्हाई पडले. चिमटा पडला."

"मग येऊन उचलून देऊ?"

"दाराला हात तर लाव, मग सांगते."

जुई माझ्या पदराआडून हळूच म्हणाली, "आजी चिडली?"

"चिमट्यावर," मी म्हटलं.

आत फरशीवर काठी घासल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. थांबला. परत आला. मग धातूचा किणकिणाट आणि आत्यांचा स्वर, "घावला मेला!" लगेच तांब्या बादलीत बुडाला. मी श्वास सोडला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. त्या वर्षी श्रावणात त्यांच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला होता. ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर कळलं, की चालणं सोपं, अवघड आहे ते आंघोळ करणं आणि कपडे घालणं.

हे सगळं शिकवायला तालुक्याहून नीलोफर मुजावर यायची. फिजिओथेरपिस्ट, माझ्याच वयाची, स्कूटीवर पुढे भलीमोठी पिशवी. पहिल्या दिवशी तिने त्या पिशवीतून एकेक वस्तू काढून पलंगावर मांडली तेव्हा आत्यांनी डोळे बारीक केले.

"ह्यो काय, ब्रश? भांडी घासायला?"

"पाठ आणि पाय घासायला, आजी. दांडा लांब आहे, म्हणजे वाकायला नको."

"आन ही काठी? आकडा कशाला हिला? बोरं पाडायची व्हय?"

"कपडा वर ओढायला. आणि हा चिमटा. इथं मूठ दाबली की तिकडं तोंड मिटतं. खाली पडलेलं उचलायचं, लांबचं धरायचं." नीलोफरने चिमट्याने आत्यांच्या पायातली चप्पल उचलून दाखवली. आत्यांना ते आवडलं. तोंडावर काही दाखवलं नाही, पण नीलोफर गेल्यावर त्यांनी त्या चिमट्याने टेबलावरचा माझा चष्मा उचलला, जुईच्या डोक्यावरची रिबीन ओढली आणि शेवटी झोपलेल्या मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, छातीवरचं वर्तमानपत्र काढून घेतलं.

नीलोफरचे नियम मला अजून पाठ आहेत. कमरेतून वाकायचं नाही. गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. वळायचं तर सगळं अंग वळवायचं, नुसती कंबर पिळायची नाही. नाहीतर नवा सांधा जागचा सुटेल. मामांनी न्हाणीच्या भिंतीत धरायला लोखंडी दांडा बसवला. रबरी पायांची उंच खुर्ची आली. बादली विटांवर चढवली. साबण हातातून निसटून खाली जाऊ नये म्हणून मी तो माझ्या जुन्या मोज्यात घालून दांड्याला बांधला. दाराला कडी लावायची नाही ही नीलोफरची अट. दार उघडायचं नाही ही आत्यांची.

आंघोळ जमली. अडलं ते लुगड्यापाशी.

"थोडे महिने गाऊन घाला, आजी," नीलोफर म्हणाली होती. "डोक्यातून घातला की झालं."

"गाऊन." आत्यांनी तो शब्द जिभेवर कडू गोळी ठेवावी तसा उच्चारला. घरात त्या गाऊन घालायच्या, नाइलाजाने. कुणी आलं की पांघरूण गळ्यापर्यंत ओढायच्या. "पर अष्टमीला काय करू? देवीपुढं गाऊन घालून उभी राहू?"

नीलोफरला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सांगितलं. आमच्या तळ्याकाठी पाणजाईचं देऊळ आहे. नवरात्रात अष्टमीला पहाटे देवीला नवं लुगडं नेसवतात, आणि नेसवायचा मान आमच्या घराचा. आत्या लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्याच नेसवतात. रीत अशी, की नेसवणारीने स्वतःच्या हाताने आंघोळ करायची, स्वतःच्या हाताने सोवळ्याचं लुगडं नेसायचं, आणि देवीचं नेसवून होईपर्यंत तिला कुणाचा हात लागायचा नाही. लागला, तर त्या वर्षी मान दुसऱ्या घरी. आणि दुसऱ्या घरी गेलेला मान परत आलेला गावात कुणी पाहिलेला नव्हता.

"म्हणजे मदत करायचीच नाही कुणी?" नीलोफरने विचारलं.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "बोट न्हाई लावायचं."

नीलोफरने पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "नऊवारी कसं नेसतात ते मला दाखवा आधी. सावकाश. मला येत नाही."

आत्यांनी तिला माझ्यावर नेसवून दाखवलं. मी पुतळ्यासारखी उभी, त्या खुर्चीवर बसून हुकूम सोडतायत. कमरेभोवती घेतलं, पुढे गाठ मारली, निऱ्या घातल्या. "आता ह्या निऱ्या दोन पायांतनं मागं सारायच्या, मागनं हात घालून वर ओढायच्या आन खोचायच्या. ह्यो काष्टा. हितंच घोडं आडतंय. मागं हात न्यायचा तर वाकाय लागतंय."

नीलोफरने आकड्याची काठी उचलली, मग चिमटा. काठी उजव्या हातात, चिमटा डाव्या. स्वतःच्या सलवारवरूनच तिने करून पाहिलं. काठीने पुढून ढकलायचं, पाठीमागे धरलेल्या चिमट्याने पकडायचं आणि वर आणायचं. दोन्ही हात सरळ, कंबर ताठ.

"दिसणार नाही पण मागचं," ती म्हणाली.

"दिसाय कशाला पायजे?" आत्या म्हणाल्या. "आजवर कुणी बघून नेसलंय?"

मग रोज दुपारी सराव. निऱ्यांच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चाप लावायचा, तो आकड्यात अडकवायचा, पायांतून मागे सारायचा. पहिल्यांदा चिमट्यात लुगड्याऐवजी पलंगाची चादर आली. एकदा खुर्चीचा पाय आला. एकदा सगळं बरोबर जमलं, काष्टा कमरेपर्यंत आला, आणि पुढची गाठच सुटली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. मदत मागितली तर तिथल्या तिथे वळता यावं म्हणून. त्यांनी एकदाही मागितली नाही. शिव्या मात्र पुष्कळ दिल्या, काठीला.

अशाच एका दुपारी हौसाकाकी आल्या. आत्यांच्या धाकट्या जाऊ, शेजारच्याच घरातल्या. आत्यांना जमलं नाही तर मान हौसाकाकींच्या घरी, त्यांच्या सुनेकडे, पल्लवीकडे जायचा होता. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्या विषयावर दोघीही बोलत नव्हत्या. हौसाकाकींनी भिंतीला टेकवलेली काठी पाहिली, चिमटा पाहिला, न्हाणीत डोकावून खुर्ची पाहून आल्या.

"आक्का, राग येऊ दिऊ नका."

"यील आसं बोलू नकोस मग."

"हे प्लाष्टिक, हे चिमटं. सोवळ्यात चालतंय का हे?"

"तांब्या चालतोय?"

"तांब्याचं येगळं."

"पाट चालतोय बसायला?"

"पाट लाकडाचा."

"मग काठी कशाची हाय? आन तुझ्या पल्लवीला गिझरचं पानी लागतंय न्हवं? त्यो गिझर आंघुळ करून येतो काय?"

मला हसू आवरेना म्हणून मी चहा टाकायला आत गेले. आतूनही ऐकू येत होतंच.

"मी भांडाय न्हाई आले, आक्का." हौसाकाकींचा आवाज उतरला. "तुमी पडला तर? भर द्येवळात? लोक म्हणतील, जाऊ शेजारी आसून म्हातारीला जाऊ दिलं. पल्लवी नेसवील ह्या वर्षी. तुमी बसून सांगा की तिला."

मला वाटलं, आत्या आता काहीतरी लागेल असं बोलतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हौसा, गुरवाला इचार. त्यो न्हाई म्हणला, तर म्या नाव काढणार न्हाई."

गुरवकाका संध्याकाळी ओसरीवर आले. चिमटा हातात घेऊन दोन-चार वेळा मूठ दाबून पाहिली. त्यांनाही तो आवडला असावा, बराच वेळ खाली ठेवला नाही. "माणसाचा हात लागायचा न्हाई, एवढंच माज्या आज्ज्यानं सांगितलंय," ते म्हणाले. "काठीचं काय त्यो बोलला न्हाई. पर वैनी, येक हाय. कुणी हात लावला, पडता पडता जरी धरलं, तरी मान गेला. मग माज्या नावानं बोंब मारायची न्हाई."

"न्हाई मारनार."

ते गेल्यावर मी विचारलं, "आत्या, एवढं काय आहे त्यात? पल्लवीने नेसवलं तर देवी रुसणार आहे का?"

"देवीचं कोन बोलतंय?" असं म्हणून त्यांनी चिमट्याने दिव्याचं बटण बंद केलं आणि भिंतीकडे सावकाश, सगळं अंग वळवत, तोंड फिरवलं.

अष्टमीला तांबडं फुटायच्या आत घर जागं झालं. देवळाकडे ढोल हळू वाजत होता. हे, म्हणजे जुईचे बाबा, कारखान्याच्या पाळीवर होते. मामा अंगणात नुसतेच येरझाऱ्या घालत होते. मी जुईला मांडीवर घेऊन दाराबाहेर बसले होते. तिला बजावून ठेवलं होतं, आज आजीला हात लावायचा नाही.

"का?"

"आज आजी देवीची."

आंघोळ झाली. ओल्या पायांनी वॉकर टेकत आत्या न्हाणीतून खोलीत गेल्या, दार लोटलं. सोवळ्याचं लुगडं त्यांनीच धुऊन, वॉकरचा आधार घेत वरच्या दोरीवर काठीने वाळत घातलेलं होतं. आता ते काठीनेच ओढून घेतल्याचा आवाज आला. सळसळ. तो आवाज सुती कापडाचा नव्हता.

ते रेशमी होतं.

इतके दिवस आम्ही सराव केला तो सुती लुगड्यावर. मी, आत्या, नीलोफर, तिघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. घरात रोज सुती नेसतात म्हणून हाताला येईल ते सुतीच घेतलं. आणि सोवळं तर रेशमीच असतं. हे आत्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं.

आत चाप चटकन सुटला. परत लावला. परत सुटला. रेशीम चापात राहीना.

"आत्या?"

"गप."

परत चटक. आता चाप लांब कुठेतरी जाऊन पडला. देवळाकडचा ढोल जरा जलद झाला. मामा दारापाशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि परत अंगणात गेले. आतून श्वास ऐकू येत होता, दमलेला. मी दारावर हात ठेवला होता. ढकललं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. गाठ मारून, काष्टा खोचून, पदर सारखा करून बाहेर. कुणाला कळलंही नसतं. आतून आत्या म्हणाल्या, "ढकलू नकोस."

"नाही ढकलत."

"मला ठावं हाय तुजा हात दारावर हाय."

मी हात काढला.

आत पलंग करकरला, त्या बसल्या असाव्यात. आणि मग मला जे ऐकू आलं त्याने मी घाबरलेच. आत्या हसत होत्या. एकट्या, आत.

"काय झालं, आत्या?"

"आगं, येडी म्या. दगडाची बाई कुठं वाकती?"

"काय?"

"पाणजाई गं. ती वाकती का? पाय उचलती? वळती? आजवर न वाकनाऱ्या बाईलाच नेसवत आले की म्या. तिच्या निऱ्या आंगावर कुठं घालायच्या आस्त्यात? आधी मांडीवर घालायच्या, दोऱ्यानं आवळायच्या, मग आंगाला लावायच्या. तिचं तिला करते तसं माजं मला करायचं. इतके दिस माणसासारखी नेसत बसले!"

देवीच्या सामानाची टोपली त्यांच्या हाताशीच होती, दोऱ्याचं रीळ त्यातच. मला दिसत नव्हतं, पण त्या बोलत होत्या म्हणून कळत होतं. बहुतेक माझ्यासाठीच बोलत होत्या, मी बाहेर जीव मुठीत धरून बसले होते म्हणून. निऱ्या पलंगावर मांडल्या. टोकाला दोरा गच्च आवळला. दोऱ्याचा फास केला. आता त्या उभ्या राहिल्या. कमरेला गाठ. फास आकड्यात. "जा, माजे आई, मागं." चिमट्याची मूठ दाबल्याचा टक् आवाज. "आली!"

दार उघडलं.

मी लिहायला बसले आहे ते माझा धाकटा मुलगा झोपलाय तेवढ्या वेळात, आणि तो उठायच्या आत मला त्या दारातलं चित्र नीट उतरवायचं आहे, पण होत नाही. आत्या ताठ उभ्या होत्या. हिरवं रेशमी लुगडं, काष्टा घट्ट, घोट्याच्या वर सारखा. केस ओले. एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात चिमटा तसाच राहिलेला. लग्नात मला नऊवारी नेसवली होती ती त्यांनीच, आणि माझी गाठ दोनदा सुटली होती. त्यांची नाही सुटली. मी उठले आणि दोन पावलं मागे सरकले. त्यांना वाट द्यायला. माझे दोन्ही हात मी पाठीमागे धरले होते.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

मामा अंगणातून म्हणाले, "काष्टा डावीकडं जरा जास्त गेलाय."

"तुमाला काय कळतंय त्यातलं!" आत्या म्हणाल्या आणि निघाल्या.

रस्त्यावर अष्टमीची गर्दी सुरू झाली होती. वॉकर टेकत जाणारी बाई दिसली की माणसं आपसूक पुढे होतात, हात धरायला. मला भीती तीच होती. पण आमच्या फाटकाबाहेर हौसाकाकी उभ्या होत्या, हातात देवीच्या ओटीचं ताट. आत्यांना नखशिखान्त पाहिलं. काष्टा पाहिला. मग तोंड फिरवून पुढे चालायला लागल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "बाजूला व्हा! हात लावू नका! नेसवणारी आलीय!" देवळापर्यंत त्या तशाच ओरडत गेल्या. एका मास्तरांनी मदतीला हात पुढे केला तर हौसाकाकींनी ताटाने त्यांचा हात बाजूला सारला. "मास्तर, कळत न्हाई का? सोवळ्यात हाय ती!" आत्यांनी मागून त्यांच्याकडे पाहिलं. हौसाकाकींनी मागे वळून पाहिलं नाही.

देवी चौथऱ्यावर उभी आहे, काळ्या दगडाची, तिची पावलं आत्यांच्या कमरेइतक्या उंचीवर येतात. वाकायला नको. गाभाऱ्यात आत्या एकट्या गेल्या, गुरवकाका दाराशी. आम्ही बायका बाहेर. पल्लवी माझ्या शेजारी टाचा उंचावून पाहत होती. "कशा करतात गं?" ती कुजबुजली. मी सांगितलं, आधी निऱ्या, मग दोरा. ती मान हलवत राहिली. मला वाटतं त्या दिवशी ती खरंच शिकत होती.

ढोल थांबला. गुरवकाकांनी पडदा सारला. पाणजाई लाल लुगड्यात उभी होती, आणि तिच्याशेजारी भिंतीला एक हात टेकून हिरव्या लुगड्यात आत्या. देवळातल्या बायकांनी एकदम जो आवाज काढला तो देवीसाठी होता की आत्यांसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

नंतर त्या बाहेरच्या उंच ओट्यावर बसल्या. सोवळं संपलं होतं. जुई धावत जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला बिलगली. डाव्या बाजूला जायचं नाही हे तिला माहीत होतं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं आणि पेला हातात धरून तळ्याकडे पाहत राहिल्या.

"तू इचारलं हुतंस न्हवं," त्या म्हणाल्या, "काय हाय एवढं त्यात म्हणून."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"लगीन झाल्यापासनं ह्या आंगाला सारखं कुणी ना कुणी हात लावत आलंय बग. पोरं, सासू, नवरा, म्हशी. आन आता ह्यो डॉक्टर. वर्षाची येवढी येक घटका माजी आसती. गावानं दिलीया. हात लावायचा न्हाई म्हंजे न्हाई. ह्या घटकेत म्या कुणाची आई न्हाई का कुणाची कोन न्हाई." त्यांनी पाणी प्यायलं. "ती नव्हती सोडायची मला. मानाचं काय, जाईल पल्लवीकडं, जाऊ दे की. पर माज्या पायानं जाऊ दे, पाय गेला म्हणून नगो."

माझ्या पदराला जुईच्या मुठीने पडलेली चुणी सकाळपासून तशीच होती. मी ती हाताने सारखी करत राहिले.

जुई मात्र आजीचं बोलणं ऐकत नव्हती. ती गाभाऱ्याच्या दारातून देवीकडे पाहत होती, मग आजीच्या काष्ट्याकडे, मग परत देवीकडे. कपाळाला आठी. मला ती आठी माहीत होती. तिने माझी हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, आजीला तर आता स्वतःचं स्वतः नेसता येतं. मग देवीला अजून का नाही येत?"